डाव्या पायाची शिवण

मोताळ्यात बाजाराच्या रस्त्यावर माझं शिवणकामाचं दुकान आहे. दुकानात आरशाशेजारी एका खिळ्याला राखाडी रंगाची जुनी पॅन्ट टांगलेली असते. नवं गिऱ्हाईक विचारतं, ही कोणाची न्यायची राहिली? मी सांगतो, माझीच आहे आणि विकायची नाही.

पण कोणी गुडघ्याचं नाव काढलं की ती पॅन्ट खाली येते. निंदणाला जाणाऱ्या बाया पोलकं टाकायला येतात आणि बोलता बोलता सांगतात की बसलं की उठवत नाही. अडतीवरचे हमाल येतात, कपाशीच्या गाड्या भरणारे येतात. त्यांना मी पॅन्ट दाखवून सगळी हकिकत सांगतो. सांगून सांगून माझं तोंड दुखायला लागलं, तेव्हा बायको म्हणाली, "एकदाचं लिहून काहाडा ना. मंग ज्याले पाह्यजे त्याले वाचाले देजा." म्हणून लिहायला बसलो. सातवीपर्यंत शिकलो आहे, त्या बेतानं वाचा.

तेल संपलं म्हणे

महाराष्ट्र राज्य होऊन दहा-बारा वर्षं झाली असतील. तरुण पोरं लेंगा सोडून चुस्त पॅन्ट मागायला लागली होती. मीही पॅन्ट घालूनच दुकानात बसायचो, कारण तीच माझी पाटी होती. माझी पॅन्ट बघूनच लोक कापड टाकत.

आमच्या धंद्यात कापड बेतायचं ते जमिनीवर. सतरंजी अंथरायची, कापड पसरायचं आणि उकिडवं बसून कात्री चालवायची. बेतून झालं की मशीनपुढच्या बुटक्या स्टुलावर बसून दिवसभर पायडल मारायचं. वीस-बावीस वर्षं हेच केलं. डावा गुडघा आधी कुरकुर करत होता, मग सुजायला लागला. उकिडवं बसलं की उठताना मशीनचा पाय धरावा लागे.

मोताळ्याच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि आठ दिवस आराम करा म्हणाले. ते आठच दिवस म्हणाले होते, हे मी मुद्दाम लिहितो. बाकीचा आराम गावानं दिला. जो तो येऊन गुडघा दाबायचा आणि सांगायचा की आतलं तेल संपलं, वाटी झिजली, आता जेवढी राहिली तेवढी जपून वापरा. बैलगाडीचा आस माहीत असलेल्या माणसांना हे पटकन पटतं. मलाही पटलं. रुईचं पान बांधलं, विटेचा शेक घेतला आणि आखाडापासून मी हलायचं सोडलं.

माझी बायको शांता ही माया करण्यात कमी पडणारी बाई नाही. मी उठायला लागलो की ती म्हणे, "तुमी काऊन उठून राह्यले? मी हाय ना." पाणी हातात, ताट हातात, चपलासुद्धा पायाशी. मुलगी लग्न होऊन गेली होती, घरात आम्ही दोघंच. तिचं सगळं लक्ष माझ्या एका गुडघ्यावर आलं. खोटं कशाला बोलू, सुरुवातीला मला ते फार आवडलं.

दोघांचं एक मशीन

दुकान मात्र बंद ठेवता येत नव्हतं. शांता आधीपासून काजं-बटणं करायची. आता तिनं नवीन युक्ती काढली. मी पाय लांब करून मशीनवर बसायचो आणि कापड सरकवायचो, आणि ती शेजारी उभी राहून चाक हातानं फिरवायची.

ज्यांनी मशीन चालवलं आहे त्यांना यातली गंमत कळेल. पायडल मारणाऱ्या माणसाचा पाय आणि बोटं एकमेकांचं ऐकतात. इथं तिचा हात आपल्या मर्जीनं फिरायचा आणि माझी बोटं आपल्या मर्जीनं. कॉलरच्या टोकाशी मी "थांब" म्हणेपर्यंत सुई दोन टाके पुढे गेलेली असायची. एका गिऱ्हाइकाच्या सदऱ्याची कॉलर इतकी तिरपी झाली की तो आरशात बघून म्हणाला, "मास्तर, माही मान वाकडी हाय का हे?" आणि तसाच घालून गेला, भला माणूस.

मी शांतावर चिडायचो. एक दिवस सगळ्यांसमोर म्हणालो की तुला साधं चाक फिरवता येत नाही. ती चाक सोडून मागच्या खोलीत गेली आणि बऱ्याच वेळानं तोंड धुऊन आली, आणि पुन्हा चाक धरून उभी राहिली. माझ्या दुखण्यातला सगळ्यात वाईट दिवस कोणता असं कोणी विचारलं तर मी हाच सांगतो. दुखणं गुडघ्यात होतं, पण वाटून मात्र तिलाही देत होतो.

नारळ

आता पॅन्टची गोष्ट.

पोळ्याच्या सुमारास लक्षात आलं की माझ्या पॅन्टचा डावा पाय मांडीशी सैल पडतो आहे. उजवा घट्ट बसतो आणि डाव्यात हवा खेळते. मी शांताला हाक मारून दाखवलं. म्हणालो, "हे पाह्य, सूज उतरून राह्यली."

ती इतकी खूश झाली की पदर खोचून तशीच मारुतीला गेली आणि नारळ फोडून आली. गल्लीत खोबरं वाटलं. मी काय केलं, तर डाव्या पायाची आतली शिवण दोन बोटं आत घेतली. शिंप्याच्या स्वतःच्या अंगावर सैल पॅन्ट म्हणजे दुकानाची अब्रू गेली. पुढं ती परत सैल झाली, मी परत आत घेतली. दोन्ही पाय पुन्हा बरोबर दिसायला लागले. बसल्या बसल्या मी आरशात बघायचो आणि मला वाटायचं की आपण बरे होत आहोत.

एवढा बरा होत असलेला मी दसऱ्याच्या आधी एका सकाळी वरच्या दोरीवरचा सदरा काढायला उठलो आणि डावा पाय खालून निघूनच गेला. दुखलं नाही, नुसता नाहीसा झाला. मी मशीनवर आपटलो. संध्याकाळपर्यंत गुडघा टम्म फुगला.

त्याच दिवसांत शांताचा भाऊ पुंडलिक भेटायला आला. तो धामणगाव बढ्याला दुसऱ्याचं मशीन भाड्यानं घेऊन शिवतो. सरळ पोरगा. माझ्या पायाकडे बघून म्हणाला, "भाऊजी, तुमी आता आराम करा. मशीन माह्याकडे द्या. मी चालवीन, अन् तुमच्या दोघांचं मी पाहीन." शांता खाली बघत होती. त्यांचं आधी बोलणं झालेलं होतं हे कळत होतं, आणि त्यात वाईट काही नव्हतं. मी म्हणालो, "दिवाळी पाहू. जमलं नाही तर संक्रांतीले घेऊन जाय." तोंडानं म्हणालो एवढंच. त्या मशीनशिवाय मी कोण, हे मला सांगता आलं नसतं.

घडी

बुलढाण्याला सरकारी दवाखान्यात हाडांचे डॉक्टर बसतात असं कळलं. एस.टी.नं घाट चढलो. प्रत्येक वळणावर गुडघा आपली जागा सांगत होता आणि शांता माझा पाय मांडीवर घेऊन बसली होती. लोक बघत होते, पण आम्ही दोघंही लाजायच्या पलीकडे गेलो होतो.

डॉक्टरांनी पॅन्ट काढायला लावली. बराच वेळ दोन्ही मांड्या चाचपल्या आणि विचारलं, "हा पाय कधीपासून असा बारीक झाला?"

मी म्हणालो, "बारीक नाही साहेब. सूज उतरली. दोन्ही पाय सारखे आहेत, पॅन्टमध्ये बघा पाहिजे तर."

तिथं एक वयस्क सिस्टर होत्या. त्या माझी पॅन्ट घडी करून खुर्चीवर ठेवत होत्या. एक पाय दुसऱ्यावर ठेवला, तर डावा उजव्यावर बसेना. उजव्याची किनार बाहेर दिसत होती. त्यांनी पॅन्ट उलटी करून आतली शिवण बघितली आणि ती डॉक्टरांपुढे धरली. मूळची शिवण उसवल्याची छिद्रं, तिच्या आत एक शिवण, तिच्या आत आणखी एक.

"हे कोणी केलं?" डॉक्टरांनी विचारलं.

"मीच. टेलर आहे मी."

डॉक्टर हसले नाहीत, रागावलेही नाहीत. स्टूल ओढून माझ्यासमोर बसले. म्हणाले, "मास्तर, सूज गुडघ्याला होती. तुम्ही शिवण घेतलीत ती मांडीला. मांडीचं मांस झडलं तुमचं. गुडघ्याला धरून ठेवतं ते हेच मांस. तुम्ही पाय वापरायचा सोडलात, ते गेलं, आणि धरायला कोणी नाही म्हणून गुडघा कोसळला."

मला एकदम नारळ आठवला. पाय वाळत होता आणि आम्ही खोबरं वाटत होतो. शांता दारात उभी होती. तिनं तोंडाला पदर लावला, आणि तिलाही तेच आठवलं होतं हे मला न विचारता कळलं.

खाटेवरचे दिवस

गुडघ्यातलं पाणी काढायला मला ठेवून घेतलं. सुई बघून मी डोळे मिटले. लोक समजतात तेवढं दुखत नाही, हे ज्यांना करायचं असेल त्यांच्यासाठी लिहितो. खरं भ्यायलो ते दुसऱ्याच गोष्टीला. मला वाटायचं आता हे म्हणतील, पाय कापावा लागेल, आणि शांताला बाजूला घेऊन सांगतील.

दवाखान्याचा दिवस ठरलेला. उजाडताना पितळी पेल्यात चहा, मग थर्मामीटर, मग झाडू, मग डॉक्टरांची फेरी. दुपारी शांता व्हरांड्यात भाकर सोडायची आणि सिस्टरांना ठेचा द्यायची. त्या वयस्क सिस्टर सकाळी येऊन माझ्या गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायच्या आणि म्हणायच्या, "दाबा खाली. टॉवेल चेपला पाहिजे." मी दाबायचो, तर मांडीतलं काहीच हलायचं नाही. पायाला सांगितलेलं पायाला ऐकूच जात नव्हतं. मी रडकुंडीला यायचो. त्या म्हणायच्या, "आज नाही ऐकलं तर उद्या ऐकेल. तुम्ही सांगायचं सोडू नका." एक दिवस मांडीत जराशी थरथर झाली. त्यांनी बोट ठेवून बघितलं आणि शांताला बोलावून तिचंही बोट तिथं ठेवलं.

जाताना मी डॉक्टरांना विचारलं, "मशीन सोडू का?"

त्यांनी मला कामाची सगळी पद्धत विचारली. कुठं बसता, किती उंचीवर, कापड कसं बेतता. मग म्हणाले, "मशीन सोडू नका, जमीन सोडा. उकिडवं बसणं बंद. कापड टेबलावर, उभ्यानं बेतायचं. स्टूल उंच करा. पायडल मारा, पण एक कपडा झाला की उठून चार पावलं फिरून यायचं. दुखेल थोडं. थोडं दुखलं तर थांबायचं नाही. रात्रभर ठणकलं किंवा सूज आली तर मात्र दुसऱ्या दिवशी कमी करायचं."

आणि शांताकडे वळून म्हणाले, "बाई, तुमचं काम जास्त अवघड आहे. यांना पाणी आणून देऊ नका."

रिकामी इस्त्री

घराचं एक जुनं दार पडून होतं. ते दोन ड्रमांवर टाकलं, त्याचं टेबल झालं. पहिल्या दिवशी उभ्यानं कात्री चालवताना हात परका वाटत होता. स्टुलाच्या पायांखाली लाकडी ठोकळे बसवले.

डॉक्टरांनी सांगितलं होतं की खुर्चीवर बसून पायाला थोडं वजन बांधायचं आणि पाय सरळ वर उचलायचा. वजन कुठून आणणार? दुकानात कोळशाची इस्त्री होती. निखारे काढून, गार करून, नाडीनं ती डाव्या पायाला बांधली आणि वर-खाली करायला लागलो. रस्त्यावरून जाणारे थांबायला लागले.

"मास्तर, पायाले इस्त्री करून राह्यले का?"

"हो, सुरकुत्या पडल्या होत्या," मी म्हणायचो.

हसले तर हसू दे असं ठरवलं होतं, पण सगळेच दिवस हसण्याचे नव्हते. थंडी पडली तसा सकाळी गुडघा दगडासारखा व्हायचा. कधी जास्त काम केलं की सुजायचा आणि मला वाटायचं की गाव म्हणत होतं तेच खरं, उरलेली वाटी आपण हौसेनं झिजवतो आहोत. तेव्हा दुसऱ्या दिवशी कमी करायचो, पण करायचो.

सगळ्यात कठीण गेलं ते शांताला. घरी आल्यावर पहिले काही दिवस मी पाणी मागितलं की ती सवयीनं उठायची आणि अर्ध्यात थांबायची. एकदा हातात भरलेला तांब्या घेऊन नुसती उभी राहिली. मग तिनं स्वतःच तोड काढली. स्वयंपाकघरातला माठ उचलून अंगणाच्या पार टोकाला, कडुनिंबाखाली नेऊन ठेवला. मी तहान लागली की लंगडत तिथवर जायचो आणि ती भिंतीकडे तोंड करून सुपात धान्य पाखडत बसायची. मी म्हटलं, "अशी पाठ करून काऊन बसतं वं?"

ती म्हणाली, "तुमाले लंगडताना पाह्यलं तर मी उठीन. म्हणून पाहातच नाही."

मी पाणी प्यायलो आणि तिच्यासाठीही एक तांब्या भरून आणला. चाकावरून तिला बोललो होतो त्याची माफी मला अशीच मागता आली.

संक्रांत

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी पुंडलिक यायचा होता. मी कोणालाच काही सांगितलं नव्हतं. मशीनवर बसत होतो, उठत होतो, पण पूर्ण दिवस पाय टिकेल का याची मलाच खात्री नव्हती. शांताही विषय काढत नव्हती. तिनं फक्त मशीन पुसून तेल घालून ठेवलं. ते माझ्यासाठी की भावासाठी, हे मला विचारवलं नाही.

दवाखान्यातून आल्यापासून मी लेंगाच घालत होतो. त्या सकाळी वाटलं, मशीन द्यायचं असलं तरी शिंप्यासारखं उभं राहून द्यावं. राखाडी पॅन्ट काढली. उजवा पाय गेला. डावा मांडीच्या मध्यावर येऊन अडकला. ओढला, तरी वर सरकेना.

 मी खाटेवर बसलो आणि म्हणालो, "शांते, सूज आली. सगळी आली परत. देऊन टाक त्याले मशीन."

ती आली. गुडघा बघितला, दोन्ही हातांनी दाबला. मग मांडीवर हात ठेवला, जिथं सिस्टरांनी तिचं बोट ठेवलं होतं तिथं. थोडा वेळ तिनं हात तसाच ठेवला.

"गुडघा तर सपाट हाय," ती म्हणाली. "हे सूज नोहे. मास भरलं तुमचं."

 तिनं ती पॅन्ट माझ्या पायातून ओढून काढली, ब्लेड घेतलं आणि डाव्या पायाची शिवण उसवायला बसली. माझे डोळे भरून आले ते मी पुसलेही नाहीत.

तेवढ्यात दारात बैलगाडी थांबली. पुंडलिक दोर आणि पोती घेऊन आत आला. बघतो तर भाऊजी टॉवेल गुंडाळून उभे आणि बहीण पॅन्ट उसवते आहे. 

मी त्याला बस म्हटलं आणि मशीनवर बसलो. सूज उतरली म्हणून आत घेतलेली एक शिवण शांतानं उसवली होती, दुसरीही उसवली होती. मी मूळच्या छिद्रांवरून कापड लावलं आणि पायडलवर डावा पाय ठेवला. मशीन सुरू झालं. वरून खालपर्यंत एकदम, न थांबता शिवण घातली. पुंडलिक माझ्या हाताकडे नाही, पायाकडे बघत होता. तोही शिंपीच आहे.

शिवण संपली. त्यानं दोर पोत्यात गुंडाळून कोपऱ्यात ठेवला.

मला त्याचं वाईट वाटलं. स्वतःचं मशीन मिळेल म्हणून तो गाडी जुंपून इतक्या लांबून आला होता. मी म्हणालो, "पुंडलिक, लग्नसराईत माह्याच्यानं पूर्वीसारखं सारं होणार नाही. जास्तीचं काम तुह्याकडे पाठवीन. चालते का?"

"चालते," तो म्हणाला. मग पिशवीतून एक कापड काढलं. निळं, चांगलं होतं. "हे माह्या लग्नासाठी घेतलं होतं. म्हटलं, तुमचं मशीन घेऊन गेलो की त्याच्यावरच शिवीन. आता तुमीच शिवा."

मी पॅन्ट चढवली. दोन्ही पाय सरळ गेले. गुडघा दुखतच होता, तो आजही दुखतो. बरा झालो असं मी कोणालाच सांगत नाही, कामाला लागलो एवढंच सांगतो.

"उंच स्टुलावर उभा राह्य बे," मी पुंडलिकला म्हणालो. "मले वाकता येत नाही."

तो चढला. मी कमर मापली, उंची मापली, उजवी मांडी मापली. मग टेप फिरवून डाव्या बाजूला आलो.

"भाऊजी, एकाच पायाचं घेतात ना माप?" तो वरून म्हणाला. "दोनी सारखेच असतात."

"असतीन," मी म्हणालो. "पण पाहू दे."